कुरोसावाचा 'इकिमोनो नो किरोकु' (१९५५): या चित्रपटाबद्दल कुणी बोलत का नाही?

रानवारा

जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावावर मराठीत पुष्कळ लिहून झालंय. 'राशोमोन', 'इकिरू', 'सेव्हन सामुराई' यांच्यावर तर इतकं, की नवं काही सांगायला जागा शोधावी लागते. पण 'सेव्हन सामुराई' (१९५४) नंतर लगेच, १९५५ च्या नोव्हेंबरमध्ये त्याचा एक चित्रपट आला होता: 'इकिमोनो नो किरोकु', इंग्रजीत 'आय लिव्ह इन फिअर'. त्याचं नाव काढलं की चांगले जाणकारही "तो मिफुने म्हातारा झालाय तोच ना?" एवढ्यावर विषय संपवतात. माझ्या मते हा कुरोसावाच्या सर्वोत्तम पाचांत बसणारा चित्रपट आहे. का, ते जरा सविस्तर लिहितो. कथा शेवटापर्यंत सांगितली आहे, तेव्हा आधी बघायचा असेल तर बघून मग या.

किइची नाकाजिमा (तोशिरो मिफुने) हा टोकियोतला एका फाउंड्रीचा, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याचा मालक. स्वतःच्या हिमतीवर कारखाना उभा केलेला, तापट, हेकट, घरात त्याच्या शब्दापुढे कुणाचा शब्द नाही. बायको, मोठी झालेली मुलं, शिवाय बाहेरचे संसार आणि त्यांची मुलं. या माणसाच्या डोक्यात एकच गोष्ट बसली आहे: हायड्रोजन बॉम्ब पडणार आणि जपानमध्ये कुणी वाचणार नाही. आधी त्याने उत्तरेला अकिता भागात जमिनीखाली निवारा बांधायला घेतला. किरणोत्सारी धूळ उत्तरेकडूनच येईल असं कळल्यावर तो अर्धवट सोडला. आता त्याला सगळ्या गोतावळ्याला घेऊन ब्राझीलला जायचंय. सगळ्या म्हणजे खरंच सगळ्या, बाहेरच्या बायकांना आणि त्यांच्या मुलांनाही. कारखाना विकला जाणार म्हटल्यावर घरचे हादरतात आणि कौटुंबिक न्यायालयात अर्ज करतात, की वडिलांचं डोकं ठिकाणावर नाही, त्यांचा मालमत्तेवरचा अधिकार काढून घ्या.

त्या न्यायालयात मध्यस्थ म्हणून बसलेल्या तिघांत एक दंतवैद्य आहे, डॉ. हाराडा (ताकाशी शिमुरा). आणि माझ्या लेखी चित्रपट इथून सुरू होतो.

कारण नाकाजिमाचं काय होणार हे आपल्याला लवकरच कळतं. हाराडाचं काय होणार हे कळत नाही. दात काढून पोट भरणारा, समंजस, मोकळ्या वेळात न्यायालयाचं काम करणारा हा माणूस. नाकाजिमा त्याच्या डोक्यातून जाता जात नाही. म्हातारा म्हणतो, मरण चुकत नाही, पण मला मारलं जाणं मान्य नाही. या वाक्याला हाराडाकडे उत्तर नसतं. तो दवाखान्यात आपल्या मुलाला विचारतो, तुला बॉम्बची भीती वाटते का? मुलगा म्हणतो, वाटते, पण करणार काय. चित्रपटातला जवळजवळ प्रत्येक शहाणा माणूस हेच उत्तर वेगवेगळ्या शब्दांत देतो. पुढे हाराडा किरणोत्सारी राखेवरचं एक पुस्तक वाचून काढतो आणि म्हणतो, पशुपक्ष्यांना हे वाचता आलं असतं तर ते सगळे जपान सोडून पळाले असते.

तरीही निकाल म्हाताऱ्याच्या विरोधातच जातो, आणि त्यावर हाराडाचीही सही आहे.

दोन प्रसंगांबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. पहिला न्यायालयातला. कडक उन्हाळा, सगळे घामाने निथळताहेत, हातात पंखे, मानेवर रुमाल. अख्खं कुटुंब एकमेकांवर गुरगुरतंय. अशात नाकाजिमा बाहेर जातो आणि सगळ्यांसाठी थंड पेयाच्या बाटल्या घेऊन येतो. ज्यांनी त्याला वेडा ठरवायला अर्ज केलाय, त्यांच्याही हातात तो बाटली देतो. ना भाषण, ना डोळ्यांत पाणी. उकडतंय, पोरांना तहान लागली असेल, एवढाच त्यामागचा विचार. त्याचा जुलूम आणि त्याची माया एकाच मुळातून येतात, हे कुरोसावा त्या बाटल्यांतून दाखवतो.

दुसरा प्रसंग तरुण रखेल आसाको हिच्या घरातला. डोक्यावरून विमानाचा कर्कश आवाज जातो, लगेच वीज चमकते, आणि हा दांडगा माणूस क्षणात तान्ह्या बाळावर स्वतःला झोकून देतो. वीजच होती हे कळल्यावरचा त्याचा चेहरा बघा. मिफुनेने किती तलवारी फिरवल्या असतील, पण अंगात एवढं बळ असलेला माणूस इतका लाचार झालेला मी त्याच्या दुसऱ्या कुठल्या भूमिकेत पाहिलेला नाही.

निकालानंतर तो घरच्यांसमोर गुडघे टेकून अक्षरशः भीक मागतो, माझ्याबरोबर चला. आणि कोसळतो. शेजारच्या खोलीत वाटणीची चर्चा सुरू होते. त्या रात्री तो फाउंड्रीला आग लावतो. कारखानाच नसेल तर मागे राहायला कारण उरणार नाही, असा त्याचा सरळ हिशोब. सकाळी चिखल आणि राखेत उभा असलेला एक कामगार विचारतो, आणि आमचं काय? आम्ही मेलो तरी चालेल का? नाकाजिमाला आयुष्यात पहिल्यांदा घराबाहेरची माणसं दिसतात. तो त्या चिखलात बसतो आणि म्हणतो, तुम्हालाही नेतो, सगळ्यांना नेतो.

शेवट मनोरुग्णालयात. तो आता दुसऱ्या ग्रहावर सुरक्षित पोहोचलाय असं त्याला वाटतं. खिडकीतून सूर्य बघतो आणि ओरडतो, पृथ्वी पेटली, पृथ्वी जळतेय! तिथला डॉक्टर म्हणतो, या रोग्याकडे बघितलं की मला प्रश्न पडतो, वेडा हा आहे की असल्या जगात शांत राहू शकणारे आपण.

आता थोडं तेव्हाचं जपान. १ मार्च १९५४ ला अमेरिकेने प्रशांत महासागरातल्या बिकिनी बेटांवर 'कॅसल ब्राव्हो' ही हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. ताकद १५ मेगाटन, म्हणजे हिरोशिमाच्या साधारण हजारपट. तिथून बऱ्याच अंतरावर 'दाइगो फुकुर्यू मारू' ही याइझू बंदराची ट्युना पकडणारी बोट होती, २३ खलाशांची. पांढरी राख त्यांच्यावर पडली. रेडिओ ऑपरेटर आइकिची कुबोयामा २३ सप्टेंबरला गेला. त्या वर्षी जपानभर शेकडो टन मासळी नष्ट करावी लागली, पावसात किरणोत्सार सापडला. टोकियोच्या सुगिनामी भागातल्या गृहिणींनी सह्यांची मोहीम सुरू केली, ती देशभर पसरली आणि १९५५ च्या ऑगस्टपर्यंत सह्या तीन कोटींच्या वर गेल्या. नाकाजिमाची भीती पडद्यावर आली तेव्हा ती प्रेक्षकाच्या ताटातल्या माशापर्यंत पोहोचलेली होती.

आणि तरीही चित्रपट साफ पडला. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. हा चित्रपट काढणाऱ्या तोहो कंपनीनेच वर्षभर आधी, नोव्हेंबर १९५४ मध्ये 'गोजिरा' (म्हणजे गॉडझिला) काढला होता. तोही हायड्रोजन बॉम्बमधूनच जन्मलेला, त्यातही शिमुरा आहेच. त्याला लोटलेली गर्दी सगळ्यांना माहीत आहे. भीतीला शेपूट आणि दात दिले की लोक तिकीट काढतात. तीच भीती शेजारच्या घरातल्या म्हाताऱ्याच्या तोंडून आली की नको होते. सह्या करणारी तीच माणसं होती, यात मला काही दोष दिसत नाही. पण चित्रपट ज्याबद्दल बोलत होता तेच चित्रपटाच्या वाट्याला आलं.

ज्यांनी पाहिलाय त्यांनी लिहा. ज्यांना आवडला नाही त्यांनी तर नक्की लिहा.


शुक्रतारा

धागा वाचून काल रात्री बघितला. न्यायालयातली सुरुवातीची वीसेक मिनिटं श्वास रोखून बघितली. एवढी माणसं एका खोलीत, एकमेकांत मिसळलेली, प्रत्येकजण काहीतरी करतोय, आणि तरी आपला डोळा हरवत नाही. हे कसं जमवलंय यावर कुणी तांत्रिक बाजूने सांगेल का?


तिसरी_घंटा

शुक्रतारा, एकाच वेळी अनेक कॅमेरे. 'सेव्हन सामुराई'च्या पावसातल्या लढाईत एक घोडा एकदा पडला की पडला, पुन्हा तसाच पडायचा नाही, म्हणून कुरोसावाने तीन कॅमेरे लावले होते. तीच पद्धत त्याने या चित्रपटात घेतली, आणि गंमत म्हणजे इथे लढाई नाही, नुसती खोलीत बसलेली माणसं आहेत. नट कुठल्या कॅमेऱ्यात आपण आहोत याचा विचार सोडून देतो. त्यामुळे बोलणाऱ्यापेक्षा ऐकणारे बघण्यासारखे झालेत. दुसरा मुलगा जिरो (मिनोरू चिआकी, 'सेव्हन सामुराई'तला लाकूड फोडणारा सामुराई) वडील बोलत असताना काय करतो ते बघा. तो क्षणभरही स्वस्थ नाही. छायाचित्रण आसाकाझू नाकाईचं, लांब भिंगांचा (टेलिफोटो लेन्सचा) वापर भरपूर, म्हणून माणसं एकमेकांवर दाटल्यासारखी दिसतात. ती खोली आहे त्यापेक्षा लहान वाटते आणि उकाडा आपल्यालाही जाणवतो. पुढची सगळी कारकीर्द तो याच पद्धतीने काम करत राहिला, तेव्हा त्या दृष्टीने हा त्याच्या कामातला कळीचा चित्रपट आहे.


नदीकाठ

मला आवडला नाही, आणि कारणं देतो.

एक, मिफुने. ३५ वर्षांच्या नटाला म्हातारा केलाय, आणि ते दिसतं. पांढरे केस, जाड चष्मा, खाली ओढलेले ओठ. सतत कुणीतरी म्हातारपण वठवतंय याची जाणीव राहते. शिमुरा त्याच्याच शेजारी बसलाय, तो खरा पन्नाशीचा आहे. त्याला ही भूमिका का दिली नाही? 'इकिरू'त मरणाला सामोरा जाणारा माणूस त्याने काय उभा केलाय!

दोन, डॉक्टरचं ते शेवटचं वाक्य. 'वेडा कोण, तो की आपण' हे प्रेक्षकाला स्वतः समजू द्यायला हवं होतं. दीड तास जे दाखवलं त्यावर विश्वास नसल्यासारखं ते बोलून दाखवलंय.

तीन, चित्रपट मधे ढिला पडतो. ब्राझीलहून आलेल्या म्हाताऱ्याचा भाग लांबलाय.


रानवारा

नदीकाठ, मुद्देसूद लिहिल्याबद्दल आभार. दुसरा मुद्दा मला मान्य आहे. ते वाक्य नसतं तर चित्रपटाचं काही बिघडलं नसतं.

पहिल्यावर मात्र जोरदार असहमत. शिमुराला ती भूमिका दिली असती तर एक खचलेला, दयनीय वृद्ध मिळाला असता, आणि आपण त्याची कीव करून मोकळे झालो असतो. नाकाजिमाची कीव येता कामा नये. त्याच्यात वाजवीपेक्षा जास्त जीव आहे. इतक्या बायका, इतकी पोरं, एवढा कारखाना. पंखा हलवतो तोही कुणाशी भांडल्यासारखा. जगण्याचा एवढा सोस असलेला माणूसच मरणाला एवढा घाबरू शकतो. ते म्हाताऱ्याच्या मुखवट्यातून बाहेर फुटणारं तरुण बळ हवंच होतं. मेकअप कुठेकुठे उघडा पडतो, हे खरं. त्या बदल्यात जे मिळतं ते मला पुरेसं आहे.

आणि शिमुरा हाराडा झाला म्हणूनच ट्रामचा प्रसंग शक्य झाला. निकालानंतर दोघं योगायोगाने एकाच ट्राममध्ये भेटतात. म्हातारा म्हणतो, काहीतरी करत होतो तोवर मला भीती नव्हती. तुम्ही माझे हात बांधलेत, आता मात्र मला खरंच भीती वाटते. त्यावर शिमुराचा चेहरा जे करतो ते लिहून सांगता येणार नाही. 'इकिरू'तल्या वातानाबेला निदान एक बाग बांधता आली. हाराडाला काहीच करता येत नाही, आणि मला तो जास्त आपल्यातला वाटतो.

ब्राझीलचा भाग लांबलाय का? त्या शेताची फिल्म घरात पडदा लावून दाखवतात तो प्रसंग मला महत्त्वाचा वाटतो. सगळं कुटुंब अंधारात बसून, दूरदेशीची जमीन बघतंय, आणि एकट्या नाकाजिमाला ती खरी वाटतेय.


समुद्रपार

ब्राझीलबद्दल थोडी भर घालतो. आज बघणाऱ्याला 'ब्राझील' म्हणजे म्हाताऱ्याचं खूळ वाटू शकतं, पण जपानी माणसाला ते तसं वाटलं नसतं. १९०८ मध्ये 'कासातो मारू' हे जहाज कोबेहून साधारण ७८० जपान्यांना घेऊन सांतोस बंदरात गेलं, कॉफीच्या मळ्यांवर काम करायला. त्यानंतर दुसऱ्या महायुद्धापर्यंत लाखावर माणसं गेली. युद्धामुळे ते बंद पडलं आणि पन्नाशीच्या दशकात पुन्हा सुरू झालं. म्हणजे चित्रपट आला तेव्हा ब्राझीलला जाणारी जहाजं खरोखर सुटत होती. गरिबीमुळे ब्राझीलला जाणारा माणूस शहाणा आणि बॉम्बमुळे जाणारा वेडा, असा तो पेच आहे. तिथून आलेला शेतकरी स्वतः जपानमध्ये परतून मरायला उत्सुक आहे, ही बाजूही विसरू नका. एकाला मातीकडे परत यायचंय, दुसऱ्याला त्याच मातीतून सुटायचंय, आणि ते जमिनीची अदलाबदल करायला बसलेत.

मी टोकियोत राहतो. ती बोट, 'दाइगो फुकुर्यू मारू', इथे युमेनोशिमा बागेत ठेवलेली आहे. अपघातानंतर तिचं नाव बदलून ती प्रशिक्षणासाठी वापरली, मग भंगारात काढली आणि या भागात, जिथे तेव्हा शहराचा कचरा टाकत, तशीच सोडून दिली. लोकांनी मागणी लावून धरली म्हणून ती वाचली आणि १९७६ मध्ये प्रदर्शन सुरू झालं. लाकडी बोट आहे, ३० मीटरच्या आत. आत शिरलं की आधी आश्चर्य वाटतं ते एवढ्या लहान लाकडी बोटीतून माणसं प्रशांत महासागरात इतक्या लांब जात होती याचं. बाहेर कुबोयामाचे शब्द कोरलेला दगड आहे: अणुबॉम्ब आणि हायड्रोजन बॉम्बचा शेवटचा बळी मी असू दे. टोकियोला येणाऱ्या मराठी मंडळींना मी आवर्जून तिकडे घेऊन जातो.


ओतारी

कोल्हापूरकर. आमची शिरोलीत छोटी फाउंड्री आहे, म्हणून हा धागा उघडला आणि मग चित्रपटही बघितला.

चित्रपट बॉम्बबद्दल आहे हे कळलं, पण मला सगळ्यात जास्त लागला तो जळक्या कारखान्याचा भाग. बाहेरच्या माणसाला वाटेल, कारखाना जळला, विमा मिळेल, पुन्हा उभा राहील. फाउंड्रीत लोखंड, रेती आणि भट्टी यापलीकडे जे असतं ते माणसांच्या हातात असतं. कुठल्या साच्याला किती ओल ठेवायची, रस ओतताना कुठे थांबायचं, हे आमच्याकडचे जुने मोल्डर मुठीत रेती दाबून सांगतात. असा माणूस एका ठिकाणी वीस-वीस वर्षं टिकतो. मालकाने एका रात्रीत भट्टी विझवली तर त्याचा उद्याचा दिवसच जातो. त्यामुळे तो कामगार जेव्हा विचारतो, 'आमचं काय?' तेव्हा मी पडद्यासमोर मान खाली घातली. नाकाजिमाच्या गोतावळ्याच्या यादीत रखेल्या होत्या, त्यांची मुलं होती, पण भट्टीवरचा एकही माणूस नव्हता. आम्ही सगळे मालक थोड्याफार फरकाने अशीच यादी करतो.

नंतर वडिलांना तेवढा भाग दाखवला. ते म्हणाले, त्याने कामगारांना आधी विचारलं असतं तर निम्मे त्याच्याबरोबर निघाले असते.


शुक्रतारा

ओतारी, तुमच्या वडिलांचं वाक्य चित्रपटाच्या समीक्षेपेक्षा भारी आहे. त्याने कधी कुणाला विचारलंच नाही. ठरवलं आणि सांगितलं. त्याची भीती खरी, पण ती घरच्यांपर्यंत पोहोचली ती हुकूम होऊन. म्हणूनच मला त्याच्या मुलांचाही राग येत नाही. आयुष्यभर ज्याची दहशत सहन केली त्याच्या भीतीवर विश्वास कसा ठेवायचा?


कातळफूल

माझं आजोळ राजापूर तालुक्यातलं. जैतापूरच्या प्रस्तावित अणुऊर्जा प्रकल्पावरून तिकडे काय काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. २०११ मध्ये फुकुशिमा झाल्यावर तर घराघरांत तोच विषय होता. मी त्या वादात इथे पडत नाही, माझ्या स्वतःच्या मामांमध्ये दोन्ही बाजू आहेत. पण एक गोष्ट मी डोळ्यांनी बघितली आहे. एका बैठकीत एक म्हातारी मासेमारीबद्दल काही विचारायला उठली. प्रश्न साधा होता, समुद्राचं पाणी गरम झालं तर मासा कुठे जाईल. तिला उत्तर मिळालं नाही. तिला समजावलं गेलं. 'घाबरू नका' असं सांगितलं गेलं. या दोन गोष्टींतला फरक मला या चित्रपटात फार स्पष्ट दिसला. न्यायालयात नाकाजिमाला कुणीही खोटं पाडत नाही. बॉम्ब पडणार नाही असं एकही माणूस म्हणत नाही! सगळे फक्त म्हणतात, एवढं घाबरायचं नसतं. किती घाबरायचं याचं माप कुणी ठरवायचं, हा मला त्यातला खरा खटला वाटला.


नदीकाठ

कातळफूल, प्रतिसाद आवडला, पण बॉम्ब आणि अणुवीज एकाच मापाने मोजणं मला पटत नाही. दोन्हींचे धोके आणि कारणं वेगळी आहेत.


कातळफूल

बरोबर, आणि मी ती मोजत नाहीये. मी भीतीकडे बघण्याच्या पद्धतीबद्दल बोलले. कुरोसावाने मात्र पुढे दोन्ही घेतलं. 'ड्रीम्स' (१९९०) मध्ये फुजी पर्वतामागे अणुभट्ट्या फुटतात तो भाग आहे, आणि लगेच पुढच्या वर्षी नागासाकीवरचा 'रॅप्सडी इन ऑगस्ट'. म्हणजे १९५५ ला जी गोष्ट प्रेक्षकांनी नाकारली ती त्याने ऐंशीच्या घरात पोहोचल्यावरही सोडलेली नव्हती.


तिसरी_घंटा

संगीताबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. हा चित्रपट ज्याच्यामुळे सुचला तो माणूस तो पूर्ण झालेला बघू शकला नाही. फुमिओ हायासाका, 'राशोमोन', 'इकिरू', 'सेव्हन सामुराई'चा संगीतकार आणि कुरोसावाचा जिवलग मित्र. दिग्दर्शक मिझोगुचीच्या 'उगेत्सु'चं संगीतही त्याचंच. त्याला क्षय होता. बिकिनीच्या बातम्यांनंतर तो कुरोसावाला म्हणाला, की मरणाची अशी टांगती तलवार असताना काम करता येत नाही. आजारी माणसाचे हे शब्द कुरोसावाच्या मनात रुतले आणि त्यातून ही कथा आली. शिनोबू हाशिमोतो आणि हिदेओ ओगुनी यांच्याबरोबर लिहायला बसल्यावर आधी उपहासिका करायचं ठरलं होतं. पण हायड्रोजन बॉम्बवर उपहास करता येईना, चित्रपट गंभीर होत गेला. चित्रीकरण चालू असताना १५ ऑक्टोबर १९५५ ला हायासाका गेला, ४१ व्या वर्षी. उरलेलं संगीत त्याचा शिष्य मासारु सातो याने पूर्ण केलं. पुढे दहा वर्षं कुरोसावाचे चित्रपट सातोनेच केले.

त्या मृत्यूने आपण पार खचलो होतो आणि ते चित्रपटात उतरलं, असं कुरोसावाने नंतर सांगितलंय. नदीकाठ म्हणतात तो ढिलेपणा मला यातूनच आलेला वाटतो. पण त्याच कुरोसावाने असंही म्हटलंय, की मेल्यावर आपला निवाडा होईल तेव्हा 'हा चित्रपट आम्ही केला' असं ताठ मानेने सांगता येईल, या भावनेने आम्ही तो करत होतो. 'सेव्हन सामुराई'बद्दल त्याने असं काही म्हटल्याचं माझ्या वाचनात नाही.

नावांच्या वेळचं संगीत कान देऊन ऐका. टोकियोची गर्दी, ट्रामच्या तारा, वरून दिसणारी माणसं, आणि त्यावर एक अस्वस्थ करणारा जाझसारखा तुकडा. त्यानंतर चित्रपटभर संगीत जवळजवळ नाहीच. आवाज येतात ते विमानांचे, यंत्रांचे, पावसाचे. मित्राच्या शेवटच्या कामाला कुरोसावाने आजूबाजूला किती जागा दिली आहे बघा.


शुक्रतारा

शेवटच्या चौकटीबद्दल मला विचारायचं होतं. हाराडा मनोरुग्णालयाच्या उतारावरून खाली येतो आणि त्याच वेळी आसाको बाळाला पाठीशी बांधून वर जाते. दोघं एकमेकांकडे बघत नाहीत. हे आशेचं म्हणायचं का? मला वाटलं, ज्या बाईला कायद्याने काहीच मिळणार नाही, ती एकटी त्याच्याकडे काही न मागता चालली आहे.


रानवारा

आशा आहे असं मी म्हणणार नाही, पण तुमचं निरीक्षण मोलाचं आहे. आसाकोला वाटणीत जागा नाही आणि आता देण्यासारखं म्हाताऱ्याकडे काही उरलेलंही नाही. ती ज्याला घेऊन वर जाते तेच ते बाळ, ज्याच्यावर विजेच्या वेळी तो झेपावला होता. आणि खाली येणारा हाराडा पुन्हा दवाखान्यात जाणार, दुसऱ्या दिवशी कुणाचा तरी दात काढणार. त्याच्या नावावर एक सही आहे आणि ती आता पुसता येणार नाही. मला हा चित्रपट हाराडाचा वाटतो तो यासाठी. वेडाच्या आड जायची सोय त्याला नाही.

कोठडीतला छोटा प्रसंगही राहून गेला. आग लावल्यानंतर नाकाजिमा कोठडीत असतो, तेव्हा बरोबरचे कैदी त्याला म्हणतात, बॉम्बची एवढी भीती असेल तर पृथ्वी सोडूनच जावं लागेल. ते थट्टेने बोलतात. तो ते मनावर घेतो आणि खरंच निघून जातो. वेड्याची वाट इतक्या साध्या वाक्यातून उघडते.


वाळूचं_घड्याळ

एक रंजक गोष्ट. १९५६ च्या कान महोत्सवात हा चित्रपट स्पर्धेत होता. त्याच वर्षी त्याच महोत्सवात 'पथेर पांचाली' होता, आणि 'मानवी दस्तऐवज' म्हणून त्याला खास पुरस्कार मिळाला. कुरोसावाला काही मिळालं नाही. पण एकाच महोत्सवात या दोन चित्रपटांची रिळं फिरली होती, हे कळल्यावर मला फार बरं वाटलं.

चित्रपट चांगल्या प्रतीत कुठे मिळेल? आणि यानंतर काय बघावं?


रानवारा

वाळूचं_घड्याळ, ही माहिती फार आवडली.

क्रायटेरियन या कंपनीच्या 'एक्लिप्स' या डीव्हीडी मालिकेत युद्धोत्तर कुरोसावाचा पाच चित्रपटांचा संच आहे, त्यात हा आहे. त्याच संचात 'द इडियट' आणि 'वन वंडरफुल संडे' आहेत, तेही बघा. उपशीर्षकं चांगली आहेत.

यानंतर कानेतो शिंदो याचा 'दाइगो फुकुर्यू मारू' (१९५९) बघा. समुद्रपार यांनी ज्या बोटीबद्दल लिहिलंय तिचीच कथा, कुबोयामाच्या भूमिकेत जुकिची उनो. खलाशी बंदरात परततात आणि आपल्याला काय झालंय हे त्यांना स्वतःला कळायच्या आधी डॉक्टरांना आणि वार्ताहरांना ते कळून चुकतं, तो भाग फार ताकदीचा आहे. शिंदो स्वतः हिरोशिमा जिल्ह्यातला. अमेरिकेचा ताबा १९५२ मध्ये संपेपर्यंत जपानमध्ये बॉम्बबद्दल उघड बोलण्यावर निर्बंध होते. ताबा संपताच, त्याच वर्षी, त्याने हिरोशिमावर 'चिल्ड्रन ऑफ हिरोशिमा' केला. 'गोजिरा'ची मूळ जपानी प्रतही पुन्हा बघा, अमेरिकेत कापून-जोडून दाखवलेली नको. त्यात सुरुवातीला जी बोट पेटते तिच्याकडे आता वेगळ्या नजरेने बघाल.

शिंदोच्या चित्रपटावर तुम्ही किंवा समुद्रपार यांनी वेगळा धागा काढलात तर मी नक्की लिहीन. बोटीच्या प्रदर्शनातले फोटो असतील तर तेही तिथे टाका.